सहावी बाजू

अहो,

आधी ठरवलं होतं की आज तुम्हाला 'तू' म्हणायचं. मनापासून झापायचं तर 'तू' बरं पडतं. सकाळी वही उघडून तशी दोन वाक्यं लिहिलीसुद्धा, पण हात पुढे सरकेना. पस्तीस वर्षांची सवय आहे. तेव्हा 'तुम्ही' म्हणूनच झापते. त्यानं कमी झापलं असं मात्र समजू नका.

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. तेरावं झालं, पाहुणे गेले, मागून आणलेली मोठी पातेली ज्यांची त्यांना परत गेली. आणि काल दुपारी तुमच्या लेकीनं आणि मी तुमचा तो ऑपेरा पहिल्यांदा सरळ ऐकला. पहिली बाजू, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी, सहावी. लिहिणाऱ्यानं लिहिला आणि गाणाऱ्यांनी गायला त्या क्रमानं. तो संपला तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. काल रात्रीचं जेवले नाही, आणि ते दुःखानं नव्हे, रागानं. कुणी विचारलं तर मी तसंच सांगणार आहे.

त्या ऑपेराचं नाव इथे लिहीत नाही. तुमच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आता माझ्या हातून ते उमटायचं नाही. तसंही त्याला त्याच्याच देशात फारसं कुणी विचारत नाही, असं तुम्हीच सांगायचात आणि त्याचाही तुम्हाला केवढा अभिमान! जणू इटलीनं टाकलेलं पोर तुम्ही भिवपुरीत आणून वाढवलंत.

तो ऑपेरा घरात आला तेव्हा आपली वैशाली सहा-सात वर्षांची असेल. आपण पॉवर हाऊसच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. कर्जतच्या भंगारवाल्याकडे तुम्ही मोटरची तांब्याची तार आणायला गेलात आणि सायकलच्या कॅरियरला एक चौकोनी खोका बांधून आलात. खंडाळ्याला कुणाचा तरी बंगला रिकामा झाला होता, त्यातला माल. खोक्यात तीन मोठ्या रेकॉर्डी आणि गाण्यांच्या शब्दांचं एक पुस्तक होतं, डावीकडे इटालियन, उजवीकडे इंग्रजी. पिना गंजल्यामुळे त्याची पानं सुटी झाली होती.

"हे काय आणलंत?"

"आगं, ऑपेरा हाय. गान्यातलं नाटक. इटलीचं."

"आपल्याला काय कळणार त्यातलं?"

"कळंल की. ह्यात राजे-रान्या नायत. गावातली मान्सं हायत, आपल्यासारखी. तिकडं ह्याला वेरिझ्मो म्हंतात. म्हंजी खरेपना."

खरेपणा. हा शब्द या घरात तुम्ही आणलात.

बंद पडलेला एक रेकॉर्ड प्लेअर तुम्ही दोन महिने खटपट करून चालू केलात. घरात फ्रीज नव्हता, पण प्लेअरला स्टॅबिलायझर आला. पॉवर हाऊसच्या अंगणात राहूनही आपल्याकडे व्होल्टेज खालीवर व्हायचं, तेव्हा ते बरोबरच होतं म्हणा. मग तुमच्या दर वीकली ऑफला दुपारची जेवणं झाली की दार पुढे ओढून आपण ऐकायला बसायचो. तुम्ही स्वतः चहा करायचात, परातीत उकडलेल्या शेंगा ठेवायचात. शेजारच्या घरतवहिनी सुरुवातीला धावत आल्या होत्या, कोण रडतंय म्हणून.

आणि तुम्ही मला ती गोष्ट सांगायचात. इंग्रजीतलं तुम्ही डिक्शनरी घेऊन लावायचात आणि मला आपल्या भाषेत द्यायचात. "ही बाई बघ, आपल्या नळावरची. तोंड कसं चालतंय. ह्यो बाप, देवळात घंटा वाजवनारा, म्हंजी आपला गुरव. आन ह्यो पोरगा डोंगरात कोळसा पाडतो. आपल्या वाडीवरचा समज. गातो कसा बघ, छाती भरून! चांगला पोरगा हाय." मी बालवाडीत शिकवायची, दहावी झालेली बाई. त्या गाण्यातलं मला काय कळतंय, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. एखादी जागा आली की माझ्या मनगटाला हात लावायचात, आता ऐक म्हणून. त्या दुपारी मला दुसऱ्या कुठल्याही घरात मिळाल्या नसत्या, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर इतकी चिडले आहे. जे मिळालंच नाही त्याचा राग एवढा येत नाही.

आता तुमची चूक. सुरुवातीला ती खरोखरच चूक होती, हे मी मान्य करते. त्या रेकॉर्डी एका वेगळ्या यंत्रासाठी काढलेल्या होत्या. त्यात तिन्ही रेकॉर्डी एकावर एक ठेवायच्या, एक वाजून झाली की दुसरी आपोआप खाली पडते. तिन्ही झाल्या की अख्खी चळत उलटायची. म्हणून पहिल्या बाजूच्या पाठीला सहावी असते, दुसरीच्या पाठीला पाचवी, तिसरीच्या पाठीला चौथी. आपल्याकडे तसलं यंत्र नव्हतं. तुम्ही एक रेकॉर्ड लावायचात, संपली की तीच उलटायचात. म्हणजे सुरुवात झाली की लगेच शेवट, मग दुसरी बाजू, मग पाचवी, मग तिसरी आणि सगळ्यात शेवटी चौथी. पुस्तकाची सुटी पानंही तुम्ही त्याच क्रमानं लावून गोधडीच्या दोऱ्यानं शिवून टाकलीत.

त्यामुळे आपल्या घरात ती गोष्ट अशी होती. गावात सकाळ होते, घंटेवाल्याच्या मुलीला कोळसेवाला भेटतो. लगेच ती आजारी होऊन बापाच्या दाराशी येते, बाप दार उघडत नाही, ती उंबऱ्यावर मरते. मग ती पुन्हा जिवंत! बापाला प्रकरण कळतं, तो चिडतो, ती घर सोडून जाते. मग जत्रेची तयारी, आणि शेवटी जत्रा. जत्रेत बाप आणि लेक हात धरून गातात, घंटा वाजतात, संपलं. मी विचारलं होतं, "अहो, मेलेली बाई परत कशी आली?" तुम्ही शेंग फोडत म्हणालात, "आगं, ते मरन म्हंजी सपान हाय. बापाला पडल्यालं. पुढं काय व्हईल ह्याचं भ्या." मी मानलं. मला ते फार आवडलंसुद्धा होतं. रुसलेली पोर परत आली, जत्रेत सगळं मिटलं.

वैशाली बारा वर्षांची असताना एका दुपारी रेकॉर्ड हातात घेऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, हिच्या पाठीवर सहा लिहिलंय."

"कारखान्याचा नंबर असंल."

"आणि हिच्यावर दोन आणि पाच. आणि पुस्तकात पान बारानंतर पान चाळीस कसं येईल?"

"छापनारा चुकला."

"सगळीकडेच चुकला?"

पोरीनं बरोबर क्रम कागदावर लिहून दाखवला. एक ते सहा. दहा मिनिटांचं काम होतं. तुम्ही तो कागद बघितलात, पुस्तक बघितलंत, आणि मला तुमचा चेहरा आठवतो. तुम्हाला तेव्हाच पटलं होतं. पॉवर हाऊसच्या पॅनलवरचा एक काटा इकडचा तिकडे झाला तर तुम्हाला खोलीच्या दारातून कळायचं, तुम्हाला हे कळलं नसेल? पण तुम्ही कागदाची घडी करून तिच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "आपल्याकडं असंच वाजतं. पुना इषय नको." ती तणतणत बाहेर गेली. त्या दिवसापासून ती आपल्याबरोबर ऐकायला बसली नाही. आणि मी परातीतली टरफलं गोळा करत राहिले.

तुमची लेक तुमच्यावरच गेली, हे तुम्हाला कधी दिसलंच नाही. डिप्लोमा केला, मोहोपाड्याला केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये लागली. रोज नमुने तपासायचे आणि जे निघेल तेच लिहायचं, असं तिचं काम. एकनाथ तिला तिथेच भेटला, कंपनीत क्रेनचं काम घेऊन यायचा. ठाकूरवाडीचा, म्हणजे आदिवासी. शांत मुलगा. स्वतःची क्रेन कर्जावर घेतलेली, हायवेला बंद पडलेल्या गाड्या ओढायचा. तिनं घरात सांगितलं तेव्हा तुम्ही जेवत होतात. हात धुतलात आणि म्हणालात, "वाडीवरचा जावई मी दारात उभा करनार नाय."

तिनं काय उत्तर दिलं ते तुम्हाला आठवत असेलच. मला तर शब्दन्‌शब्द पाठ आहे. "बाबा, इटलीचा वाडीवरचा चालतो. त्याच्यासाठी डोळ्यांतून पाणी काढता. इकडचा नाय चालत?"

तुम्ही उठून आत गेलात आणि रेकॉर्ड लावलीत. ह्याच्याइतकी निर्लज्ज गोष्ट मी तुमच्याकडून दुसरी पाहिली नाही. लेक ओटीवर उभी आणि तुम्ही आत बसून जत्रेचं गाणं ऐकताय, बाप-लेकीचं!

तिनं लग्न केलं. कुंभिवलीला हायवेलगत दोन खोल्या घेऊन राहिली. आपल्या दारापासून स्कूटरवर चाळीस मिनिटं. आणि तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, वैशू बंगळूरला असते. मोठ्या कंपनीत. सुट्टी मिळत नाही. सहा वर्षं सांगितलंत. लग्नाकार्यात, बाजारात, सत्यनारायणाला. मी बाजूला उभी असायची आणि मान हलवायची. लोक बंगळूरच्या हवेचं विचारायचे, तर तुम्ही हवाही सांगायचात! थंड असते म्हणे.

मी तिला भेटायची. दर गुरुवारी गुडघ्याच्या डॉक्टरकडे चौक गावाला जाते म्हणून निघायची आणि पुढे कुंभिवली गाठायची. माझे गुडघे चांगले आहेत, तुम्हाला आता सांगायला हरकत नाही. तुम्ही डॉक्टरचा कागद कधी मागितला नाहीत, गोळ्या कुठल्या विचारलं नाहीत. मला वाटायचं, भोळा आहे माणूस.

पॉवर हाऊसमध्ये तुमचा एक नियम होता. रिलीव्हर आल्याशिवाय पॅनल सोडायचं नाही. पुढचा माणूस उशिरा आला तर थांबायचं, आलाच नाही तर दुसरी शिफ्ट ओढायची. काय चालू, काय बंद, कशात बिघाड, सगळं त्याला तोंडी सांगायचं, त्यानं "घेतला चार्ज" म्हटल्यावरच उठायचं. वैशालीच्या जन्माच्या दिवशीही तुम्ही तसेच थांबला होतात, मी तेव्हाही रागावले होते. आणि घरातून कसे गेलात? सकाळी ओट्यावर चहा पीत होतात. कप खाली ठेवलात, छातीला हात लावलात आणि गेलात. काही सांगितलं नाहीत. घरात केवढा बिघाड करून ठेवलाय, तो कुणी निस्तरायचा, एक अक्षर नाही. सगळा चार्ज माझ्या अंगावर पडला आणि मी तो घेतला असं म्हटलेलंही नव्हतं.

लोक जमले. कुणीतरी विचारलं, "वैशूला कळवलं का? विमानानं येईल ना?" आणि माझ्या तोंडून निघालं, "तिला नाही जमायचं." तुम्ही बाहेर पडून होतात, आणि तुमचं खोटं माझ्या तोंडून चालत होतं. त्याच्याआधी मी तिला फोन केला होता. फोनवर काय म्हणाले सांगू? "लगेच येऊ नको गं, इथं सगळे जमलेत." बाप मेल्याचं लेकीला सांगितलं आणि त्याच श्वासात येऊ नको म्हटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण हे तुमचं आहे.

ती आली. आपण नदीवर पोहोचलो, पुतण्यानं अग्नी दिला, तेव्हा रस्त्याच्या कडेला एकनाथची पिवळी क्रेन उभी होती आणि तिच्या पुढ्यात ती दोघं. ती खाली नदीपाशी उतरली नाही. मी बघितलं आणि मान वळवली. धूर डोळ्यांत जातोय असं दाखवून पदर लावला.

तिसऱ्या दिवशी घरतभाऊ आले. रिटायर होऊन क्वार्टर सोडल्यावरही आपल्याच शेजारी बांधलं त्यांनी घर, तुमच्याबरोबर अठ्ठावीस वर्षं शिफ्ट केली, त्यांना तरी तुम्ही खरं सांगायचं होतंत. ते खुर्चीवर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "वयनी, रागावू नका. पोरीला तेराव्याला बोलवा. आमाला सगल्यांना ठाव हाय."

"काय ठाव आहे?"

"ती कुंभिवलीला ऱ्हाते त्ये. मागल्या साली माजी गाडी घाटाखाली बंद पडली, तुमच्या जावयानंच ओढून नेली. पैसं घेतलं नाय. वैशूनं चा दिला. आमी कोनी बोलत नव्हतो. दादांना वाईट वाटंल म्हनून."

मला आधी हसू आलं, मग जे अंग तापलं ते अजून उतरलं नाही. सहा वर्षं तुम्ही बंगळूर सांगत होतात आणि सहा वर्षं सगळं गाव तुमचं मन राखायला मान डोलवत होतं. बाजारातला भाजीवालासुद्धा. हवा विचारणारे तेच! म्हणजे लोक काय म्हणतील हा जो तुमचा धाक होता, ते लोक तर कधीच काही म्हणत नव्हते. मग कुणासाठी होतं ते सगळं? माझी पोर कुणासाठी परकी झाली?

मी तिला तेराव्याला बोलावलं. ती म्हणाली, "कोण म्हणून येऊ आई? बंगळूरची की कुंभिवलीची?" ती आली नाही.

आली ती काल. न कळवता. एकनाथ बाहेर क्रेनपाशी थांबला. मी दारात जाऊन म्हटलं, आत या. तर म्हणाला, "नको आय. बाबांनी कवा बोलावलं नव्हतं. आता त्ये नसताना शिरलो तर चोरावानी वाटंल." पाणी तेवढं उभ्याउभ्या प्यायला. तुमच्यापेक्षा त्याला तुमच्या दाराची जास्त किंमत आहे.

वैशाली सरळ आतल्या खोलीत गेली. "बाबांच्या रेकॉर्डी एकदा नीट लावायच्यात," म्हणाली. "बारा वर्षांची होते तेव्हा मला गप्प केलं होतं. ते भांडण पुरं करते आणि जाते."

तिनं पुस्तकाचा दोरा कात्रीनं कापला. पानं नंबरानं लावली. आणि आम्ही ऐकलं. ती पुस्तकातून मला सांगत होती, तुमच्यासारखीच, फक्त मनगटाला हात न लावता. पहिली बाजू तीच, ओळखीची. दुसरीत बापाला कळतं. तो चिडतो, पण पोर त्याची समजूत काढते. मग जत्रेची तयारी. मग जत्रा, तेच तुमचं बाप-लेकीचं गाणं. पण आता ते मधे आलं, आणि तेव्हा मला कळलं की तिथे काही मिटलेलं नाही. त्या गाण्यात पोर निरोप घेते आहे. तिनं जायचं ठरवलंय, बापाला ठाऊक नाही, तो आनंदानं गातोय. तीच चाल, तेच आवाज, आणि मी पंचवीस वर्षं तिथे हसत होते. पाचवीत ती जाते, बाप दाराला कुलूप घालतो, गावात सांगतो की मला मूल नाही. आणि मग सहावी. ती येते, दार वाजवते. बाप आत उभा. मग तो दार उघडतो, पण फार उशिरा.

एक मला आणखी कळलं. घरात त्या मुलीची आई असते. तुम्ही मला सांगायचात, "ती गप बसल्याली असते, सूत काततीया. तिचं काय नाय." तिचं आहे. अगदी शेवटी, एक ओळ. वैशालीनं वाचली आणि माझ्याकडे न बघता सांगितली. आई म्हणते, किल्ली माझ्याकडे होती.

हे लिहिणाऱ्या माणसाचाही मला राग आला. त्याला कुणी सांगितलं होतं माझं? पण त्याचं काय चुकलं! तुम्ही ती ओळ गाळलीत. माझ्यावर दया म्हणून गाळलीत की मी जागी होऊ नये म्हणून, ते आता कळायचा मार्ग नाही.

सहावी बाजू वाजताना खरखर फार होती. बाकीच्या पाच स्वच्छ. वैशालीनं रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली. "आई, ही बाजू घासून पांढरी पडलीये. एवढी कशी?" मी म्हटलं, आम्ही तर सगळ्या सारख्याच लावायचो. तेवढ्यात घरतवहिनी खिडकीशी आल्या, वाटीत काहीतरी घेऊन. वैशालीला बघून त्यांनी आधी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "आज समदं लावलं व्हय? दादा तर गुरवारी येवढंच लावायचे. बाई मरती त्ये. तुमी डाक्टरकडं गेल्या की लागलंच. ते झालं की परत तेच. मी म्हनायची ह्यांना, आज काय दादा थांबायचे नायत."

वहिनी गेल्या. आम्ही दोघी जमिनीवर बसून राहिलो.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी कुठे जाते ते माहीत होतं. खरा क्रम माहीत होता. ते सपान नव्हतं, हे माहीत होतं. मी तिकडे लेकीच्या हातचा चहा चोरून पीत होते आणि तुम्ही इकडे चोरून तिचं मरण ऐकत होतात, पुन्हा पुन्हा, ती बाजू पांढरी पडेपर्यंत. आणि मी घरी आले की विचारायचात, "काय म्हनतो डाक्टर?" मी म्हणायची, बरं आहे, चालत राहा म्हणतो. तुम्ही म्हणायचात, "बरं. चालत ऱ्हावा." तिची खुशाली विचारत होतात का हो तुम्ही? असली विचारायची पद्धत असते?

कुणी म्हणेल, बिचारा किती झुरला असेल. मी नाही म्हणणार. झुरलात ना, मग स्कूटर काढायची होती. पेट्रोल होतं. रस्ता चांगला झालाय. चाळीस मिनिटं. एका बाजूची दोन आवर्तनं होतात तेवढ्यात तुम्ही तिच्या दारात असता, आणि तिनं उघडलंही असतं हो, तिनं पहिल्या थापेला उघडलं असतं! इटलीतल्या बाईसाठी रडणं सोपं. ती तुम्हाला उलट बोलत नाही, सहाचा आकडा दाखवत नाही. खरेपणा म्हणे.

आणि मला तुमची आठवण येते. हे याच कागदावर लिहावं लागतंय, याचाही राग येतो. काल सहावी संपली तेव्हा माझा डावा हात आपोआप पुढे झाला होता, तुम्ही धराल म्हणून.

वहिनी गेल्यावर थोड्या वेळानं भावजींचा फोन आला, तुमच्या धाकट्या भावाचा. "वयनी, तलाठ्याकडं वारसांची नावं द्यायची हायती. तुमचं लिवलं. वैशूचा बंगळूरचा पत्ता काय लिवू?"

वैशाली पानं आवरत होती. हात थांबले तिचे.

मी म्हटलं, "बंगळूर नाही, भावजी. लिहा. वैशाली एकनाथ. मुक्काम कुंभिवली, तालुका खालापूर."

पलीकडे कागद सळसळला. मग, "बरं. लिवतो."

एवढंच. तुम्ही सहा वर्षं ज्याला भ्यालात ते एवढं होतं. मी फोन ठेवला. मला वाटलं, मी मोठं काम केलं. तोंडावर हसूही आलं असेल. मी लेकीकडे बघितलं, ती आता तरी माझ्या गळ्यात पडेल म्हणून.

ती पडली नाही. तिनं रेकॉर्डी खोक्यात भरल्या, खोका माझ्याकडे सरकवला. "तू सांगितलंस ते बरं केलंस आई," ती म्हणाली. "पण हे त्यांनी म्हणायचं होतं."

मी तिला म्हणू शकले असते की ते दर गुरुवारी तुझ्यासाठी रडायचे. तोंडाशी आलं होतं. पण ती शेजारीच बसली होती, वहिनींचं बोलणं तिनंही ऐकलं होतं. तिला ते पुरलं नव्हतं. पुरायचं कसं? ती उठली, चपला घातल्या, बाहेर जाऊन क्रेनमध्ये नवऱ्याशेजारी बसली. मी मागोमाग दारापर्यंत गेले, पण तिला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. तिला जे हवं होतं ते तुमच्या तोंडचं एक वाक्य होतं, आणि ते तुम्ही घेऊन गेलात.